नीवर सोडलेलं वाक्य

आमच्या वन्संनी सूड घेतला आणि मला त्याचा आनंद झाला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी "जाऊ द्यायचं होतं, मन मोठं करायचं होतं" असलं शहाणपण मला शिकवायला नको. मन मोठं करणारी माणसं वेगळी असतात. ती आमच्या घरात नांदत नाहीत.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्यातच राहिल्या. नोकरी बस स्थानकावर, गाड्या पुकारायची. माझं कॅन्टीन त्याच स्थानकात, शेवटच्या फलाटाला लागून. चहा, पाव, ऑम्लेट. मी दिवसभर गॅससमोर आणि वन्सं माझ्या डोक्यावरच्या कर्ण्यात. नणंद घरातही आणि कामावरही, दोन्हीकडे डोक्यावर! बायका मला विचारायच्या, सहन कशी करतेस? मी म्हणायचे, अगं, घरी त्या बोलतच नाहीत, तिकडेच सगळं बोलून येतात.

आवाज गोड होता का? नव्हता. जाडसर होता, थोडा खरखरीत. पण त्यांनी "गाडी फलाट तीनवर लागली आहे" म्हटलं की लोक वाक्य संपता संपता बोचकी उचलायचे. फलाटाकडे बघायचेसुद्धा नाहीत. बाईनं सांगितलं ना, मग लागली असणार. हा विश्वास कुठून यायचा ते मला पुष्कळ वर्षं कळलं नव्हतं.

ते एकदा त्यांनीच सांगितलं. लहानपणी त्या गाणं शिकायच्या. त्यांचे मास्तर म्हणायचे, बोलणं म्हणजे घाईघाईत गायलेलं गाणं. प्रत्येक माणसाचा बोलण्याचा एक सा असतो. मनातलं खरं बोलून झालं की वाक्य खाली उतरतं आणि त्या सावर येऊन बसतं, दिवसभर हिंडून माणूस घरी येऊन बसतो तसं. प्रश्न विचारला की वाक्य वर चढतं. थाप मारणारा मधेच कुठेतरी लोंबकळतो. मास्तर गाताना पोरांना हात करून बोलवायचे, "या, आता साला या!" आणि सगळी पोरं तोंड दाबून हसायची.

स्थानकावर पुकारण्याआधी कर्ण्यातून टिंग-टाँग वाजतं. त्यातला टाँग वन्संनी आपला सा मानला होता. प्रत्येक वाक्य त्याच टाँगवर आणून ठेवायच्या, जिथून उचललं तिथेच. इतकी वर्षं. कुणाला कळत नव्हतं, पण कान कळल्यासारखे वागत होते.

घरी तर विचारू नका. मी यांच्याशी भांडायला लागले की वन्सं भाजी निवडता निवडता म्हणायच्या, "मिरची, आज तू तीव्र मध्यमावर आहेस, खाली ये." मिरची म्हणजे मी. समोरची बाई पोराला जेवायला हाक मारायची तर म्हणायच्या, "ऐक, रोज तेच दोन सूर. जगातली कुठलीही आई लांबून हाक मारू दे, वरून खालीच येणार." एकदा मला बसवून कुजबुजत म्हणायला लावलं, ऊ, ओ, आ, ए, ई. आवाज न काढता, नुसत्या श्वासानं. आणि खरंच की हो! नुसत्या श्वासातसुद्धा पट्टी चढत जात होती. "बघ," त्या म्हणाल्या, "गळा बंद केला तरी सूर बंद होत नाही." मी म्हटलं, "वन्सं, दूध उतू गेलं." आणि खरंच गेलं होतं.

त्या मास्तरांच्या वर्गात एक मुलगा होता. उंच, डोक्याला तेल चोपडलेला, आवाज मोठा. ताना घ्यायचा, हात हलवायचा, सगळं करायचा, पण शेवटी सावर यायची वेळ आली की किंचित खाली पडायचा. नीवर. नी म्हणजे साच्या अगदी उंबऱ्यावर. आतलं सगळं दिसतं, पण पाय आत पडत नाही. मास्तर त्याला सगळ्यांसमोर पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचे आणि तो पुन्हा पुन्हा उंबऱ्यावर. एक दिवस वन्संच्या तोंडून निघून गेलं, "भोंगा." झालं! वर्ग हसला, मास्तरसुद्धा हसले, आणि पोराला ते नाव चिकटलं ते चिकटलंच. काही दिवसांनी तो यायचा बंद झाला.

तोच भोंगा मॅनेजर होऊन आमच्या स्थानकात आला.

पहिल्या दिवशी त्यानं सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. वन्संना बघून म्हणाला, "बाई, तुम्ही अजून गाताय वाटतं!" हसत म्हणाला, पण मी चहा घेऊन गेले होते, मला ते हसू आवडलं नाही. घरी येऊन मी वन्संना म्हटलं, या माणसानं डूख धरलाय. त्या म्हणाल्या, "छे गं, लहानपणची गोष्ट. कोण लक्षात ठेवतं?" मी ठेवते. म्हणून मला ठेवणारे लगेच ओळखू येतात.

पुढच्या हिवाळ्यात वन्संचा आवाज बसायला लागला. आधी वाटलं सर्दी असेल. मग डॉक्टरांनी नळी घालून बघितलं आणि सांगितलं, स्वरयंत्रावर गाठ आहे, कापायला हवी, जिवाला धोका नाही पण आवाजाची खात्री देता येत नाही. वन्सं तिथून निघून सरळ कामावर आल्या आणि दुपारच्या सगळ्या गाड्या पुकारल्या. एकही वाक्य हललं नाही. मी मात्र ऑम्लेट करपवत होते.

त्यांनी मॅनेजरकडे रजा मागितली. आजाराचं सगळं खरं खरं सांगितलं. भोंगा एकदम गोड झाला. म्हणाला, बाई, काळजी करू नका. आपण आता मशीन बसवतोय. तुमचा आवाज भरून घेऊ, सगळी वाक्यं, सगळी गावं, सगळे फलाट. मशीन तुमच्याच आवाजात पुकारेल. तुम्ही ऑपरेशन करून या आणि चौकशीच्या खिडकीत आरामात बसा. इतक्या वर्षांचा आवाज वाया जायला नको, नाही का?

वन्संच्या डोळ्यांत पाणी आलं. मला म्हणाल्या, "मिरची, माणूस बदलतो बघ." आवाज गेला तरी स्थानकात तो राहणार, याचाच त्यांना इतका आधार वाटला. पोरबाळ नाही, घरदार आमचं. स्वतःचं असं त्यांच्याजवळ काय होतं? तो आवाजच तेवढा.

दुसऱ्या दिवशी मी केबिनमध्ये चहा घेऊन गेले तेव्हा भोंगा फोनवर होता. पाठ माझ्याकडे. तो म्हणत होता, "हो साहेब, विहीर आटायच्या आत टाकी भरून घेतो. मग बाईंचं काय काम? ऑपरेशननंतर अनफिट म्हणून काढता येईल. खिडकीत मुकी बाई बसवून काय करायचं?" आणि हसला.

मी कप त्याच्या टेबलावर इतक्या जोरात आपटला की बशी फुटली. तो दचकून वळला. मी म्हटलं, "सॉरी हं, हात घसरला." हात घसरला नव्हता. खरं तर चहा त्याच्या डोक्यावर ओतायचा होता, पण तो मी स्वतः केलेला चहा होता, वाया कशाला घालवू?

गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात ते हेच. मी तडक वन्संकडे गेले आणि अक्षरन् अक्षर सांगितलं. त्या बराच वेळ माईकच्या तारेवरची धूळ पुसत बसल्या. मी म्हटलं, "वन्सं, वाक्यच भरू नका. नाही म्हणा. बसू दे त्याला बोंबलत." त्या म्हणाल्या, "नाही म्हटलं तर तो दुसरी आणेल आणि मला विसरेल." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तो मला विसरता कामा नये."

तेव्हा त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मला भीती वाटली. आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं.

सामानाच्या खोलीत भिंतींना जुन्या गाद्या टांगून रेकॉर्डिंग झालं. रेकॉर्डिंगवाला कानाला मोठाले हेडफोन लावून बसायचा आणि दोन वाक्यांच्या मधे बिस्किटं खायचा. त्याला बिस्किटं पुरवण्याच्या निमित्तानं मी आत-बाहेर करत होते. भोंगा एकदाही फिरकला नाही. तोंड दाखवायला लाज वाटली असेल म्हणायला हवं, पण तेवढी चाड त्याला नसावी.

वन्सं सकाळी गरम पाणी पिऊन बसायच्या आणि दुखऱ्या गळ्यानं एकेक वाक्य म्हणायच्या. टिंग-टाँग. "गाडी फलाट तीनवर लागली आहे." शब्द स्वच्छ. श्वास बरोबर. रेकॉर्डिंगवाला अंगठा दाखवायचा. पण मला तिथे उभं राहवेना. वाक्य संपलं तरी मी पुढच्या शब्दाची वाट बघत दारात उभीच.

संध्याकाळी मी विचारलं, "वन्सं, आज काहीतरी चुकतंय का?"

"चुकत नाहीये," त्या म्हणाल्या. "प्रत्येक वाक्य मी नीवर सोडतेय. टाँग वाजतो तो सा, आणि मी थांबते त्याच्या खाली उंबऱ्यावर. बरोबर तिथे, जिथे तो थांबायचा. त्याचाच नी त्याला परत करतेय."

मला आधी हसू आलं. मग त्याचा अर्थ डोक्यात शिरला आणि हसू गेलं. मी म्हटलं, "अहो, पण हा तुमचा शेवटचा आवाज असेल. परत मिळायचा नाही. एवढी वर्षं जे वाक्य घरी आणून बसवलंत, ते आता कायमचं बाहेर उभं ठेवणार?"

"हो," त्या म्हणाल्या. त्यांचा हो मात्र बरोबर सावर आला होता.

रेकॉर्डिंग संपलं, ऑपरेशन झालं. गाठ गेली आणि आवाजही गेला. उरली कुजबुज. त्या दवाखान्यात असतानाच घरी कागद आला, अनफिट म्हणून. मी तो वाचला आणि गॅस पेटवायला वापरला.

मग मशीनचं उद्घाटन झालं. मोठे साहेब आले, फीत कापली, भोंगा नवा कोट घालून मिरवत होता. वन्संना मी आग्रहानं आणलं होतं. गळ्याला रुमाल बांधून त्या माझ्या गल्ल्यामागे स्टुलावर बसल्या. मोठ्या साहेबांनी बटण दाबलं. टिंग-टाँग. "प्रवाशांचे या स्थानकात स्वागत आहे."

साहेबांनी टाळ्या वाजवायला हात उचलले, आणि हात तसेच राहिले. ते कर्ण्याकडे बघत थांबले. बाजूचे साहेब थांबले. ड्रायव्हर, कंडक्टर, बोचकी घेतलेले लोक, सगळे माना वर करून पुढचं ऐकायला उभे. पुढचं काही आलंच नाही. साहेब खालच्या आवाजात म्हणाले, "संपलं का?" कुणीतरी म्हणालं, "संपलं असावं." टाळी कुणी वाजवली नाही. वाक्य संपल्याशिवाय टाळी कशी वाजवणार?

मी मात्र भोंग्याकडे बघत होते. पहिल्या वाक्यालाच त्याचा चेहरा पांढरा पडला. त्या अख्ख्या स्थानकात आम्हां दोघींशिवाय त्याला एकट्याला कळलं, काय झालंय आणि कुणी केलंय. त्यानं गर्दीतून वन्संना शोधलं. वन्संनी त्याच्याकडे बघून हळूच मान हलवली, 'पुन्हा म्हण' सांगताना मास्तर हलवायचे म्हणे, तशी.

त्या दिवसापासून स्थानकाची दशा झाली. गाडी पुकारली की लोक उठायचे आणि उभे राहायचे. "पुढे काय म्हणाली?" "थांबा, अजून सांगतेय वाटतं." तोवर गाडी निघून जायची. जो तो खात्री करायला मॅनेजरच्या केबिनवर. काही बिचाऱ्यांच्या गाड्या चुकल्या, त्यांना मी पदरचा चहा पाजला. पण खरं सांगते, केबिनसमोरची ती रांग बघून माझा दिवस सोन्याचा जायचा.

भोंग्यानं वर कळवून बघितलं. तिकडून विचारणा झाली, शब्द बरोबर आहेत ना? मग अडचण काय? अडचण काय म्हणून सांगणार? बाई नीवर थांबल्या? रेकॉर्डिंग उत्तम झालंय असं त्यानंच आधी सांगितलेलं. पुन्हा भरून घ्यावं तर आवाज कापून टाकलेला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार! आणि केबिनच्या दारावरच कर्णा.

त्याचा शिपाई माझ्याकडे चहाला यायचा. एक दिवस हळूच म्हणाला, "काकी, साहेबांना काहीतरी झालंय. गाडी पुकारली की ते मागून हूँऽ करतात. दर गाडीला." मी पोट धरून हसले. भोंगा वाक्य पुरं करायला बघत होता! आयुष्यात कधी लागला नाही तो सा लावायला बघत होता, दिवसातून शंभरदा.

शेवटी तो कॅन्टीनमध्ये आला. दुपारची वेळ, सगळी बाकं भरलेली. नोकरी गेल्यापासून वन्सं माझ्याकडेच असायच्या, कप पुसत होत्या. तो सरळ त्यांच्यासमोर उभा राहिला आणि इतक्या दिवसांचं 'बाई, तुम्ही' विसरून ओरडला, "तू मुद्दाम केलंस! एका शब्दासाठी? एका लहानपणच्या शब्दासाठी?"

वन्संनी कप खाली ठेवला. कुजबुजत म्हणाल्या, "मी नुसता शब्द बोलले होते. नोकरी तू घेतलीस." कॅन्टीन इतकं गप्प होतं की तो श्वाससुद्धा शेवटच्या बाकापर्यंत पोचला. आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण त्या नुसत्या श्वासातही वाक्य उतरत उतरत नीट घरी येऊन बसलं होतं.

तो काहीतरी बोलायला गेला, तेवढ्यात डोक्यावर टिंग-टाँग. "गाडी फलाट दोनवरून सुटत आहे." आणि भोंग्याच्या तोंडून, सगळ्यांसमोर, त्याची इच्छा नसताना निघालं, "हूँऽऽ."

नीवरच पडला, मेला.

आधी एक कंडक्टर हसला, मग सगळं कॅन्टीन. वर्गात हसले असतील तसं. वन्संच्या गळ्यातून हसू येत नव्हतं, नुसते खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. भोंगा निघून गेला. मी त्या दिवशी सगळ्यांना चहा फुकट पाजला. करावं तसं भरावं, आणि भरताना मी बघायला असावं, माझं एवढंच मागणं होतं.

इथेच संपलं असतं तर बरं झालं असतं. मला तरी.

पण काही दिवसांनी स्थानकात एक मुलगी हरवली. इवलीशी, लाल फ्रॉकमधली, नळाजवळ उभी राहून आकांत करत होती. शिपायानं मशीनवर बटण दाबलं. ते वाक्य त्याआधी कधी वाजलं नव्हतं. टिंग-टाँग. "बाळा, रडू नकोस. आहेस तिथेच थांब. तुझी आई येते आहे."

ते सावर आलं.

माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. वन्संचा जुना आवाज. जाडसर, खरखरीत, हळूहळू उतरत टाँगवर येऊन टेकलेला. अख्ख्या स्थानकानं एकदम श्वास सोडला. पोरगी रडायची थांबली. खरंच थांबली. आई धावत आली तेव्हा ती नळाखाली हात धुवत उभी होती.

मी वळून बघितलं. वन्सं फडकं हातात घेऊन कर्ण्याकडे बघत होत्या.

"हे एकच का?" मी विचारलं.

"पोराशी कसलं वैर?" त्या कुजबुजल्या.

समोर केबिनच्या दारात भोंगा उभा होता. बाईंना फसवलं नसतं तर त्या मशीनमधून आपल्याला काय मिळालं असतं, ते त्याला त्या एका वाक्यात कळलं असणार. तो आमच्याकडे बघेना. कर्ण्याखालच्या भिंतीला हात टेकून उभा राहिला, म्हाताऱ्यासारखा. मला आनंद झाला. मी वन्संच्या कानाशी लागून म्हटलं, "वन्सं, आता फिटलं. आता त्याला कळलं, काय घालवलं ते."

वन्संनी मान हलवली. मग माझा हात धरला, घट्ट, आणि पुन्हा कर्ण्याकडे बघितलं.

"मलाही," त्या म्हणाल्या.